मामीची न वाजवलेली तबकडी

अकोल्याहून अमरावतीला जाणार असाल, तर अनुभवाचा एक सल्ला देते: सोबत शुद्ध संगीताचं वेड असलेला माणूस नेऊ नका. साठच्या दशकात मी नेला होता. माझा सख्खा नानामामा.

मामाकडे मामीची एकुलती एक तबकडी होती. लग्नाआधी तिनं गायलेलं भजन. वाजवली की सुईनं झिजते, मूळ आवाज बिघडतो, म्हणून मामानं ती कधी वाजवूच दिली नव्हती. खुद्द मामीनंसुद्धा ऐकली नव्हती! पण एक दिवस तबकडीला तडा गेलेला दिसला आणि मामाची झोप उडाली. अमरावतीला त्याचे मित्र वामनराव यांच्याकडे ग्रामोफोनही होता आणि टेपरेकॉर्डरही. तबकडी एकदाच वाजवायची आणि टेपवर उतरवून घ्यायची, असं ठरलं. दुसऱ्यांदा ती टिकेल याची खात्री नव्हती.

मामा, मामी आणि मी, तिघांनी सकाळची एस.टी. धरली. तबकडी कापसात, कापूस दुपट्यात आणि दुपटं मामाच्या मांडीवर. कंडक्टर कळवळला, "काकाजी, पोराचं तोंड तं उघडं ठेवा, जीव गुदमरून राहिला असन त्याचा!"

"धूळ बसते त्याच्यावर," मामा म्हणाला.

रस्ता खड्ड्यांचा, पण मूर्तिजापूरला उतरून गरम आलूबोंडे जरूर खा. हात तेलकट होतील म्हणून मामानं शिवले नाहीत. त्याच्या वाटचे मामीनं खाल्ले.

वामनराव मामाच्याही वरताण. घड्याळाचा लंबक बांधलेला, पोपट शेजारी पाठवलेला, गाईच्या घंटेत कापूस कोंबलेला. लोखंडी सुई तबकडीला ओरबाडते म्हणून बाभळीचा काटा तासून ठेवला होता. "आता कोनी खोकलंबी नाई पायजे," त्यांनी बजावलं.

तबकडी फिरली. कोवळा, स्वच्छ आवाज खोलीत आला आणि मामाचे डोळे भरले. माझेही.

तेवढ्यात मामी मोठ्यांदा म्हणाली, "अवो, इथं तं मी चुकली!"

एवढ्यावर थांबेल ती मामी कसली? बरोबर कसं ते गाऊन दाखवत तबकडीसोबत शेवटपर्यंत गायली. मामा हातवारे करून थकला. भजन संपलं, वामनरावांनी तबकडी उचलली आणि तिचे दोन तुकडे झाले.

परतताना मामा दुपट्यातले तुकडे जुळवून पाहत होता. मामी म्हणाली, "काहून तोंड पाडून राहिले? गानं तं माह्यंच होतं ना!"

पुढे वामनराव टेप आणि टेपरेकॉर्डर घेऊन अकोल्याला आले. त्या प्रवासातलं बाकी बरंच मी विसरले, पण यंत्राला कान लावून बसलेला मामा आठवतो. तबकडीतला कोवळा आणि आत्ताच्या मामीचा, दोन्ही आवाज सुरू झाले आणि तो वैतागून म्हणाला,

"वामनराव, ते पोरगी लई मोठ्यानं गाऊन राहिली. तिचा आवाज कमी नाई करता येत का? आमच्या हिचं नीट आयकू येत नाई."