गणपतचा धोटा

विणकर गणपतची नाडी मी एकदाही धरली नाही. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. रोग्यांच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे दर खेपेला ‘बहात्तर, नियमित’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

महाल या विणकरांच्या वस्तीतल्या एका दवाखान्यात मी तेव्हा नवा कंपाउंडर होतो. गणपत विशीतला, मागावर लुगडी विणणारा. दवाखान्याच्या बाकावर बसून तो गल्लीतल्या मागांची खटखट, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांची ये-जा ऐके आणि डोळे मिटून सांगे, "तिसऱ्या घरचा धोटा चुकला." जाऊन पाहावं तर तिथे धागा तुटलेला असे. त्याला फेफरं येई. आलं की शेजारी नाकाशी जोडा धरत. शुद्धीवर आला की तो विचारी, "आज कोणाचा होता गा? मागच्यापेक्षा बरा होता."

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, फेफऱ्याच्या तरुण पोरांचं हृदयही कधी कधी ताल सोडतं. औषधाआधी मिनिटभर नाडी मोजायची. पण अशा माणसाला शिवलं की फेफरं आपल्याला लागतं, असं आमच्या घरी पक्कं मानत. शिकलो होतो, तरी हात पुढे होत नसे. मी घड्याळाकडे बघे, आकडा लिही आणि बाटली पुढे सरकवी.

त्याला ते कळलं होतं. एकदा मनगट पुढे करून म्हणाला, "बाबू, माह्या छातीतला धोटा चुकून राहिला. दोन ठोके पडते, मंग एक गायब. हात काहून नाही लावत गा?"

मागावर बसून बसून तुला सगळीकडे तेच ऐकू येतं, असं मी म्हणालो. तो हसला. मनगट सावकाश मागे घेतलं आणि सदऱ्याला पुसलं, जणू तेच मळकं होतं.

त्याच आठवड्यात तो मागावर बसल्या बसल्या गेला. झटका नाही, फेस नाही, धोटा हातातच. आईने सवयीने नाकाशी जोडा धरला होता. डॉक्टरांनी वही उघडली, ‘नियमित’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे हृदयाचा दोष नसावा." मी मान डोलावली.

त्याची आई अजून आहे. दवाखान्यावरून जाताना थांबते. "बाबू, तुम्हीच पाहत होते ना त्याची नाडी? चांगली होती ना?" मी हो म्हणतो.

नाडी धरली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण त्या माउलीला खरं उत्तर देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.