पेजेत बुडवलेली कथरी

आमच्या घरात बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. टोपडं नाही, झबलं नाही आणि कथरी तर नाहीच. बाळ आलं, रडलं, डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक आहे म्हटलं, की मग सुईत दोरा ओवायचा. आणि बारशाला पाळण्यात अंथरायची ती बाळाच्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं शिवलेली कथरी. कथरी म्हणजे गोधडीच. जुन्या मऊ लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली. सगळी धावपळ त्या मधल्या थोड्या दिवसांत. ही पद्धत ज्या कुणी बाईनं पाडली, तिचे हात माझ्या वहिनीसारखे चालत असणार. माझ्यासारखे असते तर तिनं निदान नऊ महिने तरी मागून घेतले असते.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. गोंदियाहून नागऱ्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे धानाची शेती, आणि त्या गावात कथरी म्हटलं की वहिनीचं नाव. आमच्याकडच्या बाया कथरी हातात घेतली की आधी उलटी करतात. पुढून कुणीही सजवेल, खरं काम मागच्या बाजूला दिसतं. वहिनीची कथरी उलटी केली तर पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती ते कळायचं नाही. बारीक टाके, बांधीत रोवलेल्या धानाच्या रोपांसारखे ओळीत. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवायचीही नाही. एकदा सुट्टीत मी गेले असताना तिची अर्धवट कथरी पडलेली दिसली, म्हणून मदत करावी या हेतूनं मी एक ओळ घातली. संध्याकाळपर्यंत तिनं ती उसवून पुन्हा घातली होती. मी रुसले, तर म्हणाली, "रुसाले काय झालं वं? माही कथरी हाय, लोक मलेच इचारतीन ना." तिच्या नावावर दुसऱ्याचा टाका तिला चालत नसे, एवढी साधी गोष्ट होती.

गेल्या वर्षी तिला लकवा झाला. बोलणं परत आलं, चालणं आलं, शिव्या तर सर्वांत आधी परत आल्या. उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. तांदूळ निवडता निवडता ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची.

त्यानंतर माझ्या भाचीला, म्हणजे वहिनीच्या लेकीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली. घरात सगळ्या गोष्टींची चर्चा झाली, डिंकाच्या लाडवांपासून पाळण्याच्या दोरीपर्यंत, पण कथरीचं नाव कुणी काढलं नाही. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर भाचीनं मोबाइलवर एक ब्लँकेट दाखवलं, गुलाबी, त्यावर अस्वलांची चित्रं. म्हणाली, "आई, हे मागवून घेतो. परवा येऊन जाईन ते." तिनं चांगल्या मनानंच म्हटलं. वहिनी म्हणाली, "घे." आणि ताटातला भात तसाच ठेवून उठली.

वहिनी ताटात भात टाकून उठली, हे ऐकल्यावर मी फोनवर भावाला दुसरं काही विचारलंच नाही. मी गोंदियात एकटी राहते, पोस्टातून निवृत्त झालेली आहे, पिशवी भरायला मला वेळ लागत नाही. दुपारच्या आत ऑटोनं गावात पोहोचले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "कथरी मी शिवतो."

वहिनीनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तू? तुले काय येते?"

"पार्सलं शिवली ना जिंदगीभर."

हे खरं होतं. पूर्वी पार्सल कापडात शिवून आणावं लागायचं आणि लोक हमखास अर्धवट शिवून आणायचे. मग माझ्या खिडकीवर दाभण आणि जाड दोरा असायचा. रांग खोळंबू नये म्हणून मी कितीतरी लोकांची पार्सलं शिवून दिली. लोणच्याच्या बरण्या, पुस्तकं, कुणाच्या तरी मुलाचे स्वेटर. सगळी पोहोचली असणार, कारण कुणी भांडायला आलं नाही.

"पार्सल नाही होय ते," वहिनी म्हणाली. "आत लेकरू झोपते."

पण ती पेटीकडे गेली. मला तेवढं पुरे होतं.

लुगडी निवडण्यातच अर्धा दिवस गेला. तिची पद्धत अशी की कापड गालावर घासून बघायचं. गालाला काही लागलं नाही तर ते बाळाचं. माझं एक आवडतं सुती पातळ मी मोठ्या मनानं पुढे केलं. तिनं ते गालाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. "हे तर अजून ऑफिसात जाते," म्हणाली. मी आयुष्यभर पातळांना भाताच्या पेजेची खळ दिली, कडक इस्त्री केली, आणि पोस्टात माझ्या पातळाची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे. त्याचा असा अपमान झाल्यावर मला राग आला. शेवटी तिची तीन जुनी लुगडी आणि भाचीची एक ओढणी एवढं ठरलं. माझं पातळ मी परत पिशवीत ठेवलं, मुद्दाम तिच्यासमोर.

अंगणात सतरंजी टाकून मी बसायची. ती बाजूला खाटेवर. सुई माझ्या हातात, जीभ तिच्या तोंडात.

"टाका लहान घे."

"लहानच हाय."

"याले लहान म्हनते का? याच्यातून मांजर जाईन."

मी कडेनं आत चौकोनात शिवत जात होते, आणि दर कोपऱ्यावर माझी ओळ थोडी तिरपी होत होती. किती काळजी घेतली तरी तिरपी. एका ठिकाणी मी सगळं उसवायला घेतलं, तर तिनंच हात धरला. "राहू दे. उसवत बसशीन तर पोरगी शाळेत जाईन." मी म्हटलं, वहिनी, तुझ्यासारखी होणार नाही ही. ती म्हणाली, "होनार नाही, ते मले दिसून राहिलं ना." आणि मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, "पन होऊन राहिली."

भाची बाळाला उन्हात घेऊन बसायची आणि आमचं भांडण ऐकून हसायची. त्या दिवसांत वहिनीचं जेवण सुधारलं. मला त्या अंगणात फार बरं वाटत होतं, हे मी इथे स्पष्ट सांगून टाकते. पोस्टातून सुटल्यापासून इतकं कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवसाच्याही आधी कथरी झाली. शेवटची गाठ मारली आणि मी ती उंच धरली. वाकडी होती, पण कथरीच होती. वहिनीनं डाव्या हातानं ती चाचपली आणि आंघोळीला गेली. मला वाटलं, आता हिला जरा चकित करावं. कथरी अंगणातल्या धुळीत मळली होती. मी ती धुतली, नीळ घातली. आणि चुलीवर भाताची पेज निवत ठेवलेली दिसली.

आता कुणी म्हणेल, एवढीही कशी तुला अक्कल नाही. पण चाळीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. कापड धुतलं की पेजेत बुडवायचं, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. चांगल्या कामाला चांगली खळ. मी ती कथरी पेजेत मनापासून बुडवली, चोळली, हलकी पिळली. बाहेर दव पडेल म्हणून धानाच्या पोत्यांच्या खोलीत दोरीवर वाळत घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

सकाळी काढायला गेले तर कथरी दोरीवरून निघेना. निघाली ती तशीच्या तशी, मधोमध घडी पडलेली, जमिनीवर ठेवली तर तंबूसारखी उभी राहिली. आणि एक कोपरा गायब. नवं धान घरात आलं की उंदीरही येतात, आणि त्यांना माझ्या पेजेचा वास लागला असणार. कोपरा असा कुरतडला होता की आतली ओढणी बाहेर लोंबत होती.

मी ती घेऊन वहिनीसमोर उभी राहिले. ती आधी कथरीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"पेज टाकली का वं हिच्यात?"

"हो."

"लेकराले कथरी देऊन राहिली का पापड?"

भाची एवढी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. मला मात्र हसू येईना. दुसऱ्या दिवशी बारसं. देवरीकडून भाचीच्या सासरचे लोक येणार. ती गुलाबी अस्वलं केव्हाच येऊन कपाटात बसली होती, आणि मला दिसत होतं की आता तीच पाळण्यात जाणार. मी खाली बसले आणि रडले. म्हणाले, "माह्यानं नाही होत, वहिनी. पोरीचं ब्लँकेटच टाक."

वहिनी ओरडली नाही. म्हणाली, "आधी गरम पान्यात घाल. पेज निघू दे." मी घातली, तीन पाण्यांतून काढली. दुपारी ती टिनाच्या छपरावर वाळली आणि पुन्हा मऊ झाली, खरं म्हणजे आधीपेक्षा मऊ. मी ठिगळाला कापड कापायला बसले, तेव्हा ती माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसली आणि डावा हात पुढे केला. "सुई दे."

मी कापड ताणून धरलं. तिनं डाव्या हातानं सुई टोचली, मग सुई सोडून खालच्या बाजूनं हात नेला, ओढली, पुन्हा वर आली. एका टाक्याला एवढा खटाटोप. तिच्या कपाळावर घाम आला. दोनदा सुई माझ्या बोटात गेली, पण मी कापड सोडलं नाही. तो एक कोपरा पुरा व्हायला ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. आणि सांगायला लाज वाटते, पण तिच्या डाव्या हाताचे टाके माझ्या उजव्या हाताच्या टाक्यांपेक्षा सरळ होते.

बारशाला घर भरलं. पाळण्यात कथरी अंथरली, तिच्यावर बाळ. कुणाला न विचारता भाचीनं अस्वलं कपाटातच ठेवली होती. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि भाचीच्या सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. त्यांचंही नाव ऐकून होते मी. देवरीकडे त्यांच्या हातच्या कथरीला मान आहे. त्यांनी पाळण्यातली कथरी उचलली. आणि उलटी केली.

बायांच्या माना पुढे आल्या. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. मागची बाजू म्हणजे नुसता गोंधळ होता. कुठे टाका बोटभर, कुठे दोऱ्याचा गुंता, ओळी कोपऱ्याकोपऱ्यावर घसरलेल्या. एक जण पदराआड हसली. सासूबाई म्हणाल्या, "हे कोनं शिवली वं, इहीनबाई?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, बोलून मोकळं व्हावं.

"मी," वहिनी म्हणाली. भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर. "काऊन?"

ती मघाची बाई पदर नीट करायला लागली. सासूबाईंनी वहिनीच्या हाताकडे पाहिलं, मग कथरीकडे, आणि कथरी कपाळाला लावली. "या हातानं?" म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कथरी सगळ्यांच्या हातांतून फिरली आणि प्रत्येकीनं ती कपाळाला लावली, अगदी माझ्याही हातात आली. मीही लावली. दुसरं काय करणार होते?

राग आला होता मला. खरं सांगते, चांगलाच आला होता. बोटं माझी भोसकली, पाठ माझी मोडली. लोक जेवायला बसले तेव्हा वहिनीला मी मागच्या दारी गाठलं.

"काऊन म्हटलं तू शिवली म्हनून? मी शिवली ना ते!"

"हो, तू शिवली," वहिनी म्हणाली. "वाकडी हाय म्हनून माहं नाव सांगतलं. सिधी असती त तुहंच सांगतलं असतं."