वच्छीचा जबडा आणि माझं मौन

पोरीचं तोंड उघडावं म्हणून मी माझं बंद केलं. दवाखान्यात निघायच्या दिवशी करमाडच्या मारुतीपुढं नारळ ठेवून बोललो, वच्छी भाकरी चावेपर्यंत मौन धरीन. लोक उपास धरतात. मला खायला लई आवडतं, म्हणून बोलणं सोडलं. देवाशीही मी असा सोयीनं वागलो.

वच्छी तीन वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली. पुढं कानाजवळचा सांधा हळूहळू आखडला, हाडाला हाड जडलं. अकराव्या वर्षी तिच्या दातांत करंगळीही जात नव्हती. पडलेल्या दाताच्या फटीतून ती दुधात कालवलेली भाकरी ओढून घ्यायची. उलटी झाली की तिला पालथी धरायचो, आणि तिचा श्वास मोकळा होईतो माझाच अडकलेला असायचा. शेवटी औरंगाबादेत डॉक्टरांनी कानापुढं कापून जडलेलं हाड काढलं. म्हणाले, "आता दातांत या लाकडी पट्ट्या घालून दिवसातनं सहा वेळा तोंड उघडायचं. रडली तरी. नाहीतर हाड पुन्हा जुळेल."

बायको गावी गुरांपाशी, दवाखान्यात मी एकटा. पट्ट्या पुढं केल्या की वच्छी ओठ मिटून भिंतीकडं वळायची. समजवायला शब्द लागतात, आणि माझे तर मारुतीपाशी ठेवलेले. मी हात जोडायचो, डोळे पुसायचो, मनात जप करायचो. खरं सांगतो, त्या जपात मला फार पुण्यवान वाटायचं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एकावर एक सहा पट्ट्या घातल्या होत्या. पाच दिवसांनी तीनच जात होत्या.

शेजारच्या खाटेवर फर्दापूरकडचा एक धनगर होता. सहाव्या दिवशी त्याची बायको उठून माझ्यापाशी आली. "मुके हाव का?" मी भिंतीवरच्या तसबिरीतल्या मारुतीकडं बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं. तिला कळलं. "नवस तुमचा, अन् भोगायचं लेकरानं व्हय? बोला तिच्याशी. हाक मारल्याबिगर कोकरूबी येत नाय."

मी "वच्छे" म्हणालो. आवाज घोगरा निघाला. वच्छीनं मान वळवली. बाईनं तिचं डोकं मांडीत धरलं, मी पट्टी सरकवत राहिलो आणि बोलत राहिलो, बैलाचं, गावाचं, माझ्या फजित्यांचं. वच्छी किंचाळली, लाळेत रक्त आलं, चौथी पट्टी गेली. दुसऱ्या दिवशी धनगराला घरी सोडलं. बाईचं नावही विचारायचं राहून गेलं.

आज वच्छीच्या तोंडात दोन बोटं जातात. तीन जायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले. ते एक बोट माझ्या मौनात गेलं. नवस मोडला म्हणून मी मारुतीपुढं नाक घासलं, पण तो रागावला असेल असं वाटत नाही. भार त्याच्यावर टाकला तरी आपला हात काढून घ्यायचा नसतो, एवढं मला त्या माउलीकडून कळलं. तिला देवानंच धाडलं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. परवा सांगत होतो, तर वच्छी भाकरी चावता चावता म्हणाली, "आबा, तिला देवानं धाडलं, मग ते पाच दिवस गप बसलेल्याला कुणी धाडलं व्हतं?"