हृदयावरचं ठिगळ

मी पाच वर्षांची असताना माझ्या हृदयातलं छिद्र ऑपरेशन करून बुजवलं होतं. आई सांगायची, "रबराचं काहीतरी बसवलंय." ते निसटेल या धास्तीने तिने मला शाळेत कधी धावू दिलं नाही.

गेल्या वर्षी, पंचेचाळिशीत, छातीत धडधड सुरू झाली. इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत नेमकं काय शिवलंय ते कळायला हवं. जुने कागद आणा."

घरी एकही कागद नव्हता. मी ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात गेले. रेकॉर्डच्या खिडकीवरच्या बाईंनी माझा अर्ज वाचून विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

"मीच."

त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं. मग हसल्या, कानडी-मराठी मिसळून म्हणाल्या, "स्वल्प वेळ द्या, अक्का. जुन्या फाइली स्कॅन झाल्यात. सापडली तर पाठवते."

चार दिवसांनी फाइल फोनवर आली. वजन साडेतेरा किलो. नर्सच्या गिचमिड अक्षरात एक ओळ: 'मूल शांत. बाहुलीलाही इंजेक्शन द्या म्हणते.' मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तरी कुणीतरी मला इतकं जवळून पाहिलं होतं, लिहून ठेवलं होतं. मी ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे.

ऑपरेशनचं पान मात्र डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. "रबर-बिबर काही नाही. हृदयाभोवती पातळ आवरण असतं ना, तुमच्याच त्या आवरणाचा तुकडा कापून छिद्रावर शिवलाय." मग हृदयाची सोनोग्राफी करताना पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. आता शिवण ओळखूसुद्धा येत नाही."

पडद्यावर माझं हृदय उघडत होतं, मिटत होतं. मी श्वास रोखून बघत राहिले. ठिगळ धड होतं. धडधडीवर गोळी सुरू झाली, महिन्याभरात उतार पडला.

सोनोग्राफी झाली त्याच संध्याकाळी जयनगरला जाऊन मी आईला ते पान वाचून दाखवलं. तिने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"म्हणजे बाहेरचं काहीच नाही?"

"काहीच नाही. सगळं माझंच."

"आणि मी तुला आयुष्यभर बसवून ठेवलं गं," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून माझ्या छातीला कान लावला.