ऑस्करकाकांची टोपी आणि प्रिस्काचा कुकर

आमच्या शेजारचे ऑस्करकाका टोपीशिवाय दोनच ठिकाणी दिसतात. एक, चर्चमध्ये मिस्साला. दुसरं, मयताच्या मागे. एरवी राखाडी फेल्टची रुंद काठाची टोपी डोक्यावर, आणि वाटेत कोणीही भेटलं की ती दोन बोटांनी उचलून नमस्कार. आगाशीच्या बाजारात मासळीवालीलाही.

टोपी त्यांच्या वडिलांची. ते बोटीवर स्वयंपाकी होते, पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेच्या बंदरांत जाऊन आलेले. तिथे तेव्हा टोपीशिवाय माणूस रस्त्यावर निघत नसे म्हणे. निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी गावोगाव टोपी हलवत जायचा, आणि एखादा बोडक्या डोक्याने आला तर लोक त्याच्या भाषणापेक्षा डोक्याबद्दलच जास्त बोलायचे. राजकारण काकांना एवढंच ठाऊक. पुढे तिकडच्या लोकांनी टोप्या सोडल्या. काकांनी सोडली नाही.

यंदा महापालिकेला त्यांची सून प्रिस्का अपक्ष उभी राहिली. आमच्या आळीच्या नळाला पाणी नाही, आणि टँकर येतो तो त्याच्या मनात आलं तर, एवढंच तिचं कारण. चिन्ह तिने टोपी मागितलं. सासऱ्यांची टोपी सगळ्या वॉर्डाला पाठ, मग वेगळा प्रचार कशाला, असं तिचं म्हणणं. काकांना इतका आनंद झाला की चिन्हवाटप व्हायच्या आधीच ते घरोघर टोपी उचलून सांगून आले, मशीनवर ही बघायची आणि बटन दाबायचं.

वाटपाच्या दिवशी टोपी मागणाऱ्या दोघी निघाल्या. चिठ्ठी टाकली. टोपी ऋतिका नावाच्या बाईंना गेली, ज्यांना आमच्या आळीत कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रिस्काला कुकर मिळाला.

घरी येऊन प्रिस्काने शेगडीवर कुकर चढवला, आणि मग म्हणाली, "पप्पा, मतदान होईपर्यंत टोपी कपाटात. तुम्ही ती उचलली की मत तिला जातं."

काकांनी टोपीचा काठ चाचपला. मग म्हणाले, "लोकांना नमस्कार कसा करू?"

"हात जोडा. सगळे तेच करतात."

सकाळी ते बोडक्या डोक्याने, हात जोडून, मान खाली घालून निघाले. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि जे कोणी गेलं असेल त्याच्यासाठी एक नमो मरियाची प्रार्थना म्हटली. मग साडी बदलून त्यांच्या घरी गेले.

अर्धी आळी माझ्याआधी पोचली होती. मायकलने बाकडी मांडली होती. रीटाने घरून चहाचं पातेलं आणलं होतं, मयताच्या घरी चूल कोण पेटवणार म्हणून. काकांनाही लोकांनी अर्ध्या वाटेवरून हाताला धरून परत आणलं होतं. आमच्यातली सगळ्यात म्हातारी इझाबेलबाय त्यांच्यासमोर बसून विचारत होती, "कोन गेला रे, ऑस्कर?"

"कोनी नाय गेला, बाय."

"मंग डोका का उघडा?"

प्रिस्का आतून कुकर घेऊन आली. माणसं बसलेलीच होती, तर तिने तिथेच सांगून टाकलं की टोपी आता आपली नाही, कुकर आपला. लोकांनी चहा पीत ऐकलं. दुसऱ्या दिवशी काका पलीकडच्या आळीत गेले, तिथेही तेच. त्याच्या पुढच्या आळीत तर हार आणून ठेवला होता. प्रिस्का कुकर घेऊन मागोमाग जायची. एवढी गर्दी तिच्या एकाही सभेला जमली नव्हती.

देवाच्या दयेने प्रिस्का निवडून आली, तीही थोडक्या मतांनी. दुसऱ्या क्रमांकावर ऋतिकाबाई. त्या आमच्या भागात प्रचाराला एकदाही आल्या नव्हत्या, तरी पक्षांच्या उमेदवार त्यांच्या मागे राहिल्या. आधी टोपी उचलून आलेल्या काही घरी काका दुसऱ्यांदा पोचले नव्हते.

मंडळाने सत्कार ठेवला. प्रिस्काला शाल-श्रीफळ, काकांना फेटा. इझाबेलबाय पुढच्याच खुर्चीवर बसली होती. काकांना ती दिसली, सवयीने बोटं वर गेली, आणि अख्खा फेटा हातात आला.

इझाबेलबायने क्रूसाची खूण केली.

"कोनी नाय गेला, बाय," काका म्हणाले. "प्रिस्का निवडून आली."

"मंग पानी कवा?"

काकांनी फेटा तसाच छातीशी धरला आणि प्रिस्काकडे पाहिलं.