सासूबाई कॅप्सूल गिळायच्या

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ती वेगळीच — मीच रंगवून सांगितलेली.

दहाएक वर्षांपूर्वी सासूबाई साताऱ्याहून लखनऊला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. जन्म चुलीच्या धुरात काढलेला, फुप्फुसं खराब झालेली. डॉक्टरांनी रोज दोनदा ओढायचं औषध दिलं. कॅप्सूल एका छोट्या यंत्रात घालायची आणि तोंडाने आत ओढायची. कंपाउंडर हे समजावत होता तेव्हा मी कुठे होते? तिथेच. फोनवर, बँकेशी बोलत. मधूनमधून त्याला ‘हाँ हाँ’ म्हणत. दुकानात यंत्र संपलं होतं, उद्या या म्हणाले. मी गेले नाही.

घरी त्यांनी विचारलं, कशी घ्यायची गं? कॅप्सूल म्हटल्यावर काय — गिळा, म्हटलं.

अडीच महिने त्या गिळत राहिल्या. न्हाणीघरापासून पलंगापर्यंत येताना मध्येच खुर्चीवर टेकायच्या. आणि मी? बसून बसून दम लागतो, जरा चालत जा, असं सुनावायची.

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, दवा लेकर दिखाइए, माताजी. त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “यह किसने बताया आपको?”

“किसी ने नहीं. हमने अपने मन से किया.”

माझ्याकडे सासूबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. मी बोलू शकले असते — नाही का? पर्स चाचपत बसले.

त्याच दिवशी यंत्र आणलं. त्यानंतर मात्र ती बाई जे शिकली! आधी श्वास पूर्ण सोडायचा, तोही यंत्राबाहेर. मग ओठ घट्ट मिटून जोरात ओढायचं, बोटांवर दहा मोजेपर्यंत धरायचं. कॅप्सुलीत पूड उरली तर पुन्हा ओढायचं. शेवटी चूळ. ओल्या हाताने कॅप्सुलीला कधी शिवल्या नाहीत, बरं वाटतंय म्हणून एक दिवस चुकवला नाही. महिन्याभरात फाटकापर्यंत जाऊन सब्जीवाल्याशी भांडू लागल्या. दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसाला विचारायच्या, कैसे लेते हो, दिखाओ. मलिहाबादच्या एका आंबेवाल्याला त्यांनी दम भरला होता — कुल्ला करो, नहीं तो मुँह में छाले आएँगे. तो पुढे त्यांना पाहिलं की उठून जागा द्यायचा. सत्तरीत, मोडक्या हिंदीत हे करायला काय लागतं? माझ्यात ते नाही.

मी काय केलं? मराठी मंडळींच्या गणपतीत किस्सा सांगितला — आमच्या आई ओढायचं औषध गिळत होत्या! सगळे हसले. त्याही हसल्या. दरवर्षी हसल्या. एकट्यात मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

त्यांच्या तेराव्याला धाकट्या दिरांनी तोच किस्सा काढला. लोक हसले, डोळे पुसले. माझी मुलगी हसली नाही. म्हणाली, “पर आजी को निगलने को बोला किसने था?”

“पता नहीं, बेटा,” मी म्हटलं आणि तिच्या पानात भात वाढला.