अठ्ठेचाळीस चौरस फुटांतली मिरची

दादाने मला दिलेला शब्द बारा फूट लांब आणि चार फूट रुंद होता.

राजोडीच्या बाजूला आमची वाडी आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर आहे. केळी आणि विड्याची पानं काढून तिथे रिसॉर्ट करायचं ठरलं तेव्हा मी सही केली. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, कामाला माणूस मिळत नव्हता, दादाचे गुडघे गेले होते. हे मला तेव्हा मान्य होतं आणि आजही आहे. मी एकच अट घातली होती. विहिरीजवळचा मिरचीचा वाफा तसाच राहील. टेप लावून मोजूनही दिला. अठ्ठेचाळीस चौरस फूट. दादा म्हणाला, ठेवतो.

जेसीबी आला त्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी गेलो तर वाफ्याच्या जागी खड्डा. पोहण्याचा तलाव नकाशात होता तिथून नऊ फूट विहिरीकडे सरकला होता. मी कारण विचारलं.

"जेसीबी वळत नव्हता," दादा म्हणाला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. या वाक्याचा विचार न करता माझा एक आठवडा गेला नसेल.

त्या मिरचीला आमच्याकडे नाव नव्हतं, नुसती घरची मिरची म्हणायचे. बोटाच्या दोन पेरांएवढी, आभाळाकडे तोंड करून लागणारी, कच्ची असताना देठाजवळ जांभळट. सुकटीच्या चटणीत एक टाकली तर चार माणसांना पुरायची. आईच्या सासूने ती लावली होती, त्याआधीचं कुणाला माहीत नाही. खड्डा झाला त्या दिवशी आई ओटीवरून सगळं बघत होती. मी आल्यावर सुपात वाळत घातलेल्या शेवटच्या मिरच्या तिने जवळ ओढल्या, फोडून बी काढलं, राखेत कालवलं आणि काचेच्या बाटलीत भरून ठेवलं. मी शेजारी बसलो होतो. डोळे चुरचुरत होते आणि मला ते बरंच वाटत होतं.

बियांची आईची एक पद्धत होती. दरवर्षी पिकलेल्या मिरच्यांची एक मूठ ती रस्त्यापलीकडच्या ख्रिस्ती मावशीला द्यायची आणि मावशीच्या वाडीतली एक मूठ घेऊन यायची. झाडं तीच, बी तेच, तरी ही देवघेव. लहानपणी मी विचारलं होतं की यात फायदा कुणाचा. आई म्हणाली, "आपली जळली तर तिच्याकडे असतील, तिची जळली तर आपल्याकडे." मला ते बायकांचं जाण्यायेण्याचं निमित्त वाटलं होतं.

जेसीबीनंतर अडीच वर्षांनी आई गेली. तेराव्याला मावशी भेटायला आली तेव्हा सांगत होती की त्या उन्हाळ्यात विहिरीला खारं पाणी लागून तिची मिरची पार करपली, एक झाड राहिलं नाही. तिचं बोलणं मी नीट ऐकून घेतलं. माणसं निघून गेल्यावर स्वयंपाकघरातल्या फळीवरची ती बाटली पिशवीत घातली आणि वसईला माझ्या फ्लॅटवर आणली. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं तिथे कुणी उरलंय असं मला वाटत नव्हतं.

बाटली उघडली ती मात्र वर्षभराने, दिवाळी झाल्यावर. राख चाळली तर आत अडतीस बिया. एका मिरचीत पन्नासच्या वर बिया असतात आणि आईने त्या दिवशी निदान वीस मिरच्या फोडल्या होत्या. बाकीच्या गेल्या कुठे? माझा संशय सरळ वहिनीवर गेला. रिसॉर्टच्या भटारखान्यात फोडणीला टाकल्या असतील, नाहीतर साफसफाईत झटकून दिल्या असतील. हेही मी दादाच्याच खात्यावर टाकलं.

पंचवीस वर्षं मी औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या विभागात आहे. मोजल्याशिवाय मी काही करत नाही. आमच्या फ्लॅटला सूर्य नाही, समोरच्या इमारतीची भिंत खिडकीपासून अकरा फुटांवर आहे. म्हणून बेडरूममध्ये लोखंडी रॅक उभा केला. मधल्या फळीच्या वर दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, त्यांना टायमर, सकाळी सहा ते रात्री आठ असा चौदा तास उजेड. बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात घातल्या आणि डबा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवला, कारण तिथे कायम एकोणतीस अंश असतं. बायको म्हणाली, या घरात माणसांपेक्षा मिरच्यांना जास्त उजेड आहे. मी म्हटलं, माणसं संपत आलेली नाहीत.

नवव्या दिवशी पहिला मोड दिसला. अडतीसपैकी अकरा उगवल्या. जवळजवळ चार वर्षांच्या बियांना ते वाईट नाही. अकरातली चार रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली, ती चूक माझी, पाणी जास्त झालं. उरलेल्या सातांतली तीन उजेडाकडे धावत सुतासारखी लांब होऊन मोडली, ट्यूब मी तीस सेंटीमीटरवर टांगल्या होत्या. पंधरावर आणल्या. चार रोपं राहिली आणि ती चार बघण्यासारखी झाली. ऐंशीव्या दिवशी फुलं आली आणि गळायला लागली. बंद खोलीत वारा नाही, माशी नाही. मग जुना इलेक्ट्रिक टूथब्रश प्रत्येक फुलाच्या देठाला दोन-दोन सेकंद लावायला लागलो, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. एकोणीस मिरच्या धरल्या. देठाजवळ जांभळट, तोंडं वर, ट्यूबलाइटकडे.

त्याच सुमाराला एका रविवारी दादा-वहिनी आले. दादाने केळी आणली होती. बाजारातली. आमच्या बापजाद्यांनी केळी पिकवली आणि हा भावाकडे विकत घेतलेला डझन घेऊन आला. हात मागे बांधून तो रॅकसमोर उभा राहिला.

"ही आईची?"

"आईची."

"दोन रोपं दे. पाहुणे विचारतात, जेवणात तुमच्या वाडीचं काय आहे म्हणून. तलावाच्या कडेला कुंड्यांत लावतो."

"तिथे जेसीबी वळेल का?"

वहिनीने खाली बघितलं. बायको चहा टाकायला आत गेली. दादा म्हणाला, चार वर्षं तू तेच धरून बसलायस. मी म्हटलं, चार वर्षं आणि दीड महिना. मग तो म्हणाला की आईने आयुष्यात कुणाला बी द्यायला नाही म्हटलेलं नाही. खरं होतं ते, म्हणून जास्तच झोंबलं. पाहुण्यांच्या ताटात वाडीचं काही हवं होतं तर वाडीच ठेवायची होती, असं मी त्याला सुनावलं. आणखीही बोललो. बायको नंतर म्हणाली की स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

दादाने अर्धा चहा तसाच ठेवला. चपला घालताना त्याने वळून विचारलं, "चारही इथंच ठेवणार? एकाच फळीवर?"

"हो. माझ्या डोळ्यांसमोर."

अकरा दिवसांनी एका झाडाच्या शेंड्याचं एक पान होडीसारखं वर वळलेलं दिसलं. वहीत मी तशी नोंद केली. कारखान्यात एक नमुना नापास झाला की मी कुणाला विचारत बसत नाही, तो अख्खा माल वेगळा काढायला लावतो. माझ्या हाताखालची माणसं त्यावरून माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. घरात मात्र मी सहा दिवस नुसता बघत राहिलो. त्या एका झाडावर एकोणीसपैकी आठ मिरच्या होत्या आणि ते उपटायला माझा हात होईना. सातव्या दिवशी चारही झाडांचे शेंडे चुरगळले होते.

याला वाडीत बोकड्या म्हणतात. माझ्या झाडांवर तो कोळी नावाच्या किड्यामुळे आला होता. हा किडा इतका बारीक की मला कारखान्यातून भिंग आणावं लागलं. निंबोळीचं तेल फवारलं, साबणाचं पाणी फवारलं, पानं एकेक करून पुसली. वाडीत पाऊस त्याला धुऊन काढतो, दुसरे किडे त्याला खातात. माझ्या खोलीत पाऊस नव्हता, दुसरा किडा नव्हता. मिरचीसाठी मी जी ऊब राखली होती, ती त्यालाही मानवली. महिनाभरात एकोणीसच्या एकोणीस मिरच्या वाकड्या होऊन हिरव्याच गळल्या. मी त्या चिरल्या. आतल्या बिया पांढऱ्या, कागदासारख्या. तरी एकशे चाळीस भिजवून सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या. पंचवीस दिवसांत एकही उगवली नाही.

दोन रोपं अकरा दिवस आधी राजोडीला गेली असती तर आज ती उन्हात उभी असती. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दादाने चपला घालताना विचारलेला प्रश्न वाडीवाल्याचा होता, आणि मी तो टोमणा समजलो होतो. मला स्वतःचा इतका राग आला की टायमर बंद करायचंही सुचलं नाही. रिकाम्या कुंड्यांवर चौदा-चौदा तास उजेड पडत राहिला, शेवटी बायकोने प्लग काढला.

आषाढात आईच्या श्राद्धाला जुन्या घरी गेलो. पानं वाढायच्या आधी वहिनीने मागच्या दारी मला विचारलं, झाडं कशी आहेत. मी म्हटलं, मेली. आणि मग जे इतके दिवस पोटात होतं ते बाहेर पडलं. बाटलीत फक्त अडतीस बिया का होत्या, बाकीच्या तुम्ही कुठे घालवल्यात, शंभर-दोनशे असत्या तर माझं एवढं नुकसान झालं नसतं. हातातलं भांडं खाली न ठेवता तिने ऐकून घेतलं.

"मावशीकडे दिल्या, भाऊजी," ती म्हणाली. "आईंनी जायच्या आधी सांगितलं होतं, अर्धं काढून ठेव आणि वेळ बघून तिला दे. मी राखेतून मुठीने काढल्या, बहुतेक सगळ्याच हाती आल्या असतील. तिचं पाणी जरा सुधारलं तेव्हा, गेल्या वर्षी, नेऊन दिल्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही बाटली नेलीत तेव्हा आम्हाला कुठे सांगितलंत?"

मला तिचा रागच आला. ती खरं बोलत होती म्हणून जास्त आला. दादाच्या घरात दादाच्या नकळत हे होत होतं की त्याला माहीत होतं, तेही मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर रस्ता ओलांडला. मावशीच्या फाटकाजवळच्या क्रुसाला कुणीतरी ताजी फुलं वाहिली होती. पडवीत, पन्हळीखाली न येतील अशा बेताने, रंगाचे तीन डबे ठेवलेले, आणि त्यांत तीन झाडं, माझ्या कमरेएवढी. मिरच्या मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. माझी मेली हे सांगून मी विचारलं, खत काय घालतेस. ती म्हणाली, मासे धुतलेलं पाणी. किती? तर म्हणे, जेवढे मासे असतील तेवढं.

ती ऐंशीच्या घरातली आहे. खुर्चीत बसूनच तिने मला नीट बघून घेतलं.

"बाटली नेलीस ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "माझी करपली हे तुला माहीत होतं. चार बिया घेऊन आला नाहीस."

मी म्हटलं, तुझं पाणी खारं होतं. मेल्या असत्या.

"तुझं पाणी गोडं होतं ना?"

मग ती उठली, पिकलेल्या मिरच्या तोडल्या आणि जुन्या कॅलेंडरच्या दोन कागदांत एकेक मूठ बांधली. एक पुडी माझी, एक दादाची. मी म्हटलं, त्याची वहिनीकडे देतो.

"त्याच्या हातात दे. तू. आणि तुमचं काय भांडण आहे ते मला सांगत बसू नको, मी तुझ्या आईकडून सगळं ऐकलंय."

रविवार होता. रिसॉर्टवर गाणी लागली होती, मुंबईहून आलेली माणसं कपड्यांसकट तलावात होती. दादा पंपाच्या खोलीशी कुणाला तरी टॉवेलांवरून झापत होता. मी पुडी पुढे केली. त्याने उघडली, एक मिरची देठाने उचलून नाकाशी नेली, परत ठेवली.

"तुझी झाडं?"

"गेली. बोकड्या."

एवढ्या वर्षांत त्याला एक संधी मिळाली होती. एकाच फळीवर ठेवली होतीस ना, असं त्याने म्हणावं यासाठी मी तयार होऊन उभा होतो, उत्तरही तयार होतं. तो तसं म्हणाला नाही. त्याने विचारलं, "कुठे लावू?"

आयुष्यभर वाडी केलेल्या माणसाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी मी सांगितलं. पंपाच्या खोलीच्या मागे, नऊ ते दोन ऊन असतं, भिंतीपासून दीड फूट सोड, म्हणजे गच्चीचं पाणी अंगावर पडणार नाही. जागा पावलांनी आखून दाखवली, विटांचे तुकडे ठेवून चार कोपरे केले. बारा फूट बसत नव्हते. सात बाय चार बसले. अठ्ठावीस चौरस फूट. वीस अजून येणं आहे, असं मी त्याला म्हटलं. त्याने मान डोलावली.

घरी येऊन माझी पुडी सोडली तर आठ मिरच्या. दादाच्या पुडीत नऊ होत्या, त्याने उघडली तेव्हा मी मोजल्या होत्या. ट्यूब पुन्हा लावल्या आहेत, पंधरा सेंटीमीटरवर, आणि रोपं चार पानांची झाली की त्यांतली दोन मावशीकडे आणि दोन दादाकडे जातील, ते मी वहीत आधीच लिहून ठेवलंय. बायकोने विचारलं, राग गेला का. नाही गेला. विटांच्या त्या चौकोनापासून जुना वाफा सतरा पावलांवर आहे, पाण्याखाली. मी तलावाच्या कडेपर्यंत पावलं मोजत होतो तेव्हा दादाही माझ्यामागून तोंडाने मोजत होता आणि सतराव्याला दोघेही थांबलो.